ख्रिस्ती विद्यापीठात सामाजिक शास्त्रे : पार्श्वभूमी

बारावीनंतर मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकायचं म्हणून बंगळूरच्या ‘क्राइस्ट’ या ख्रिस्ती विद्यापीठाकडे डोळे लावून बसलेली मुलं आता इंदूरच्या मराठी घरांतही दिसतात. आधीच्या पिढ्यांसाठी इंदूरच्याच छावणी भागातलं क्रिश्चन कॉलेज पुरेसं होतं. फरक अंतराचा वाटतो, पण तो आहे पदवी देण्याच्या अधिकाराचा.

छावणीतलं कॉलेज कॅनडाहून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1887 मध्ये काढलं. तिथे काय शिकवायचं हे मात्र बराच काळ दुसऱ्याच गावच्या विद्यापीठात ठरलं : आधी कलकत्ता, मग अलाहाबाद, मग आग्रा, 1957 नंतर उज्जैन. 1964 मध्ये इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, तेही सरकारी. होळकर दरबारासाठी 1918 मध्ये नगररचनेचा अहवाल लिहिणाऱ्या स्कॉटिश अभ्यासकाने त्यात इंदूरच्या विद्यापीठाची कल्पना सविस्तर मांडली होती. पुढच्याच वर्षी तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्रमुख झाला. इंदुरात ती कल्पना कागदावरच राहिली.

ख्रिस्ती उच्चशिक्षणाची पाहणी करणाऱ्या आयोगाने 1931 मध्ये सुचवलं, की महाविद्यालयांनी आसपासच्या खेड्यांच्या प्रश्नांवर संशोधन करावं आणि त्याचा उपयोग लोकांपर्यंत न्यावा. सूचना फार चांगली होती. पण दुसऱ्या विद्यापीठाला जोडलेल्या, म्हणजे संलग्न कॉलेजाला प्रश्नपत्रिका बाहेरून येते, आणि परीक्षेत नसलेली पाहणी विद्यार्थी कितीशी करणार? मुंबईत मात्र नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या एका अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने 1936 मध्ये समाजकार्याची स्वतंत्र संस्था उभी राहिली. परीक्षा हातात असली की काय करता येतं, हे तिथे दिसलं.

मग ख्रिस्ती समाजाने इतकी वर्षं स्वतःचं विद्यापीठ का काढलं नाही? इथे 1967 चा निकाल आडवा येतो. राज्यघटनेचं कलम 30 अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ते विद्यापीठ 1920 च्या कायद्याने जन्माला आलं. म्हणजे ते मुस्लिम समाजाने स्थापलेलं नाही, आणि ज्यांनी स्थापलं नाही त्यांना चालवण्याचा हक्कही नाही. पेच उघड आहे. कायद्याशिवाय विद्यापीठ होत नाही, आणि कायदा झाला की संस्था आपली राहत नाही. वर्षानुवर्षं पैसा आणि माणसं उभी करणाऱ्या समाजाला शेवटच्या पायरीवर परकं ठरवणारा हा तर्क मला तेव्हाच्या परिस्थितीतही पटत नाही.

वाट उरली अभिमत दर्जाची, म्हणजे चालू संस्थेलाच विद्यापीठ मानून पदवी देऊ देण्याची. त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातल्या तिसऱ्या कलमाखाली केंद्र सरकार अधिसूचना काढतं. अलाहाबादच्या जुन्या मिशनरी शेतकी संस्थेला 2000 मध्ये हा दर्जा मिळाला, बंगळूरच्या क्राइस्ट कॉलेजाला 2008 मध्ये. अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही हाती असल्या की पदवी स्वतः आखता येते, आणि क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांत जाऊन केलेल्या कामाला, गुण देता येतात. बाहेरून येणाऱ्या प्रश्नपत्रिकेने हेच अडवून ठेवलं होतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 4 विरुद्ध 3 मतांनी 1967 चा तर्क रद्द केला. केवळ कायद्याने स्थापना झाली म्हणून अल्पसंख्याक स्वरूप जात नाही. कल्पना कोणाची, पैसा कोणी उभा केला, कोणासाठी केला, हे पाहायचं. अलीगढच्या दर्जाचा प्रत्यक्ष निर्णय नियमित पीठाकडे गेला.

मध्य प्रदेशात दरम्यान 2021 पासून नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात प्रकल्प, इंटर्नशिप आणि समाजात जाऊन करायचं काम पदवीचा भाग झालं. 1931 ची सूचना अशी सरकारी आदेशातून इंदुरात पोचली. छावणीतल्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या पदवीवर मात्र आजही नाव शहरातल्या सरकारी विद्यापीठाचंच असतं.