धूमकेतूची धूळ

धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्या गाभ्यातील बर्फाची वाफ होते आणि बर्फात अडकलेले खनिजकण तिच्याबरोबर बाहेर फेकले जातात. हीच धूमकेतूची धूळ. जुनी माणसे ज्याला शेंडेनक्षत्र म्हणत, त्याचा पिवळसर, किंचित वाकलेला शेंडा या धुळीचाच असतो. सूर्यमाला घडताना उरलेला माल धूमकेतूत थंडीत पडून राहिला, त्यामुळे सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीचा पुरावा त्यात टिकला. पृथ्वीवरचे खडक या कामी येत नाहीत. नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पाषाण कितीही जुनाट दिसला तरी तो दख्खनच्या लाव्ह्याचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तोही पृथ्वीच्या पोटात वितळून वर आलेला.

धूमकेतूपाशी जाऊन धूळ पकडून आणली ती नासाच्या ‘स्टारडस्ट’ यानाने. १९९९ मध्ये निघालेले हे यान २ जानेवारी २००४ रोजी ‘विल्ट-२’ धूमकेतूपासून साधारण २४० किलोमीटरवरून गेले. नमुन्यांची कुपी १५ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात उतरली. अडचण वेगाची होती. कण सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगाने यानावर येत होते. त्या वेगाने नागपूरहून वर्धा बारा-तेरा सेकंदांत गाठता येईल. कठीण पृष्ठावर आदळते तर त्यांचा चुराडा झाला असता. म्हणून एरोजेल वापरले: काचेच्याच घटकाचा, पण जवळजवळ सगळा पोकळ, गोठलेल्या धुरासारखा दिसणारा पदार्थ. कण त्यात शिरताना गाजराच्या आकाराचे भोक पडते आणि टोकाशी कण अडकून राहतो. प्रयोगशाळेत तेवढाच पाचरीसारखा तुकडा काचेच्या सुयांनी कापून काढतात, कण राळेत बसवतात आणि त्याचे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ काप घेतात. त्यामुळे एकच कण अनेक प्रयोगशाळांना वाटून घेता येतो.

नेपच्यूनपलीकडच्या थंडीत घडलेल्या या धूमकेतूत, सूर्याच्याही आधीची, कधी न तापलेली धूळ मिळेल असा बहुतेकांचा होरा होता. सापडले भलतेच. ऑलिव्हीन आणि पायरॉक्झीन या खनिजांचे स्फटिक, वितळून पुन्हा गोठलेले थेंब, आणि हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानातच तयार होणारे कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त कण. सूर्यपूर्व कण अगदी मोजके निघाले. म्हणजे तरुण सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत माल ताकासारखा घुसळला गेला आणि सूर्याजवळ भाजलेले कण पार बाहेरच्या बर्फात जाऊन मिसळले. ते नेमके कसे गेले यावर अजून वाद आहे. २००९ मध्ये याच नमुन्यांत ग्लायसिन हे अमिनो आम्लही (प्रथिनांचा एक घटक) धूमकेतूचेच असल्याचे सिद्ध झाले. मात्र एक मेख आहे: एरोजेलमध्ये शिरताना सर्वांत बारीक आणि ठिसूळ कण तापून बिघडले, त्यामुळे हाती आलेला नमुना दणकट कणांकडे झुकलेला आहे.

ही उणीव युरोपच्या ‘रोझेटा’ यानाने बरीचशी भरून काढली. २०१४ ते २०१६ या काळात ते ‘६७पी’ धूमकेतूच्या सोबतीने फिरले. तिथे कण सावकाश येत असल्याने कापसासारखे भुसभुशीत पुंजके तसेच तपासता आले. त्यांत वजनाने सुमारे ४५ टक्के भाग सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांचा होता.

ही धूळ बघायला यान लागतेच असे नाही. नागपूरच्या उत्तरेचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून आकाश राखलेले क्षेत्र, ठरला. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये, संधिप्रकाश सरल्यावर पश्चिमेला दिसणारा राशिचक्रीय प्रकाश, म्हणजे क्षितिजावरचा अंधुक उजेड, हा मुख्यतः धूमकेतूंच्या धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश असतो. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या कणांचा. पण विदर्भात तेव्हा पावसाचे ढग आडवे येतात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी नागपूरकरांनी पाहिलेली आगीची रेघ मात्र उल्का नव्हती. तो परतणाऱ्या रॉकेटचा भाग होता आणि त्याचे धातूचे कडे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात पडले.

गच्चीवरचा गाळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने चाळला तर काळे, गोल मणी मिळतात. युरोपातील शहरांच्या छपरांवरून अशा अवकाशीय मण्यांचे सुमारे ५०० नमुने खरोखरच वेचले गेले आहेत, पण त्यांत धूमकेतूचे कोणते हे ठरवणे अवघड. नागपुरात तर त्याआधीच घोळ होतो: कोळसा जळून उडणाऱ्या राखेतही चुंबकाला चिकटणारे तसेच गोल मणी असतात, आणि कोराडी व खापरखेड्याची वीजकेंद्रे शहराला लागूनच आहेत.