बेल लॅब्जमधील संगणक-कला व संगणक-संगीत

अमेरिकेत न्यू जर्सीतील मरे हिल येथे असलेल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत संगणक-संगीत आणि संगणक-चित्रे यांची सुरुवातीची वाढ शेजारीशेजारी झाली. निमित्त कलेचे नव्हते, टेलिफोनचे होते. बोलणे आकड्यांत मांडायचे आणि आकड्यांतून पुन्हा ऐकायचे, यावर तिथे संशोधन चाले. तिथले अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी बोलणारा माणूसच वगळला: आकडे थेट प्रोग्रामने तयार केले. १९५७ साली त्यांच्या ‘म्युझिक’ प्रोग्रामने आयबीएम ७०४ या संगणकावर १७ सेकंदांची धून वाजवली. ऐकायला ती बेताचीच.

चित्रांची सुरुवात चुकीतून झाली. १९६२ च्या उन्हाळ्यात एका सहकाऱ्याच्या प्रोग्राममधील दोषामुळे प्लॉटरने (संगणकाच्या आज्ञेनुसार रेघा ओढणाऱ्या यंत्राने) भलत्याच रेघा ओढल्या. ‘ही तर संगणक-कला!’ अशी थट्टा झाली. तिथलेच अभियंते ए. मायकेल नोल यांनी ती थट्टा मनावर घेतली. त्यांच्या ‘गाउसियन-क्वाड्रॅटिक’ या चित्रात १०० बिंदू एकाच नागमोडी रेघेने जोडले आहेत. बिंदू आडवा कुठे पडेल हे यादृच्छिक (क्रम आधी सांगता न येणारे) आकडे ठरवतात. उभी उंची मात्र वर्गाच्या सूत्राने वाढत जाते आणि वरच्या कडेला पोचली की रेघ पुन्हा खालून उगवते. म्हणून चित्र विस्कटलेले दिसते, पण सैल वाटत नाही.

यादृच्छिकता आणि नियम यांचा हाच मेळ संगीतातही आढळतो. प्रयोगशाळेत काम करणारे संगीतकार जेम्स टेनी रोज न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांना जोडणाऱ्या हॉलंड बोगद्यातून कामावर येत. तिथला वाहनांचा गोंगाट ते हळूहळू कान देऊन ऐकू लागले आणि त्यातून १९६१ मध्ये यादृच्छिक आकड्यांवर बेतलेली ‘नॉइज स्टडी’ ही रचना झाली.

एप्रिल १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइझ गॅलरीत नोल आणि प्रयोगशाळेतले त्यांचे सहकारी बेला युलेश यांची चित्रे मांडली गेली. नोल यांनी स्वामित्वहक्क मागितला, तेव्हा अमेरिकेत अशी नोंद करणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आधी ‘हे यंत्राचे काम’ म्हणून आणि मग यादृच्छिकतेवरून हरकत घेतली. ते आकडेही माणसाने लिहिलेल्या गणिती कृतीतूनच येतात, हे पटवल्यावर नोंद झाली. हा वाद आज पुन्हा ताजा आहे.

संगीत आणि चित्रे या दोन्ही धारा खऱ्या अर्थाने मिसळल्या त्या संगीतकार लॉरी स्पीगल यांच्या हातून. मॅथ्यूज आणि एफ. आर. मूर यांच्या ‘ग्रूव्ह’ या संगणक-संगीत यंत्रणेत बटणे फिरवून केलेला स्वरांतला बदल साठवता येई. १९७० च्या दशकाच्या मध्यास स्पीगल यांनी त्यावर ‘व्हँपायर’ हा प्रोग्राम रचला आणि तेच नियंत्रण पडद्यावरील रंग व आकारांना जोडले.