ऑल इंग्लंड आणि जागतिक अजिंक्यपद: बॅडमिंटनमधला जुना घोळ

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये हातोहात फिरणाऱ्या क्रीडाविषयक नोट्समध्ये "1980 चे जागतिक बॅडमिंटन विजेते – प्रकाश पदुकोण" अशी ओळ दिसली, तर ती आधी खोडा. पदुकोण यांनी मार्च 1980 मध्ये लंडनच्या वेम्बलीत जिंकली ती ऑल इंग्लंड, म्हणजे इंग्लंडमध्ये भरणारी जुनी स्पर्धा. फायनलमध्ये त्यांनी इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंगला 15-3, 15-10 असं हरवलं. दोन-अडीच महिन्यांनी जकार्तात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथला विजेता रूडी हार्तोनो, आणि फायनलला हरला तो पुन्हा लिएम स्वी किंगच. एकाच वर्षी एकच खेळाडू दोन फायनली हरला, दोन वेगळ्या माणसांकडून. स्पर्धा दोन आहेत हे पटायला यापेक्षा सोपा दाखला नाही.

घोळ होतो तो नावामुळे. दोन्हींना आपण मराठीत "अजिंक्यपद"च म्हणतो. शिवाय एके काळी त्या दोन्हींत खरोखरच फरक नव्हता, कारण दुसरी स्पर्धा जन्मालाच आली नव्हती. ऑल इंग्लंड 1899 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त दुहेरीचे सामने झाले, एकेरी 1900 पासून आली. महायुद्धांच्या काळात ती बंद पडली, नाहीतर दरवर्षी भरत राहिली. जागा बदलत गेल्या. 1957 पासून वेम्बली, आणि 1994 पासून आजतागायत बर्मिंगहॅम. आंतरराष्ट्रीय महासंघ 1934 मध्ये स्थापन झाला, पण त्याने स्वतःची जागतिक स्पर्धा भरवली ती थेट 1977 मध्ये, स्वीडनच्या माल्मोत. म्हणजे त्याआधीची कित्येक दशकं ऑल इंग्लंड जिंकणाऱ्यालाच जग विजेता मानत होतं. त्या काळच्या लिखाणात "जगज्जेता" हा शब्द आला असेल तर तो त्या अर्थाने वाचावा. 1947 मध्ये प्रकाश नाथ ऑल इंग्लंडच्या फायनलपर्यंत गेले, त्याचं मोल याच हिशेबाने लावायला हवं. ते मोल आपल्याकडे फार कमी लावलं गेलं.

1977 नंतर मात्र हा शब्द सैल वापरायची सोय उरली नाही. पुलेला गोपीचंद यांनी 2001 मध्ये बर्मिंगहॅमला चीनच्या चेन होंगला 15-12, 15-6 असं हरवून ऑल इंग्लंड जिंकली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा स्पेनच्या सेव्हियात झाली आणि ती इंडोनेशियाच्या हेंद्रावानने जिंकली. भारताला जागतिक स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण मिळायला 2019 उजाडलं. बासेलमध्ये पी. व्ही. सिंधूने जपानच्या नोझोमी ओकुहाराला 21-7, 21-7 असं 38 मिनिटांत गुंडाळलं. पदुकोण यांचं जागतिक पदकही आहे, पण ते 1983 चं, कोपनहेगनचं कांस्य. साईनाच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. 2015 मध्ये ती ऑल इंग्लंडची उपविजेती होती आणि त्याच वर्षी जकार्तात जागतिक रौप्यविजेतीही. दोन्ही वेळा समोर स्पेनची कॅरोलिना मारिनच होती.

"रौप्यविजेती" हा शब्द नीट पाहा. जागतिक स्पर्धेत पदकं असतात, बक्षिसाची रक्कम नसते. ऑल इंग्लंडचं उलट. ती वर्ल्ड टूर या महासंघाच्या वर्षभराच्या मालिकेत, वर्षअखेरीच्या फायनल्स सोडल्या तर सर्वांत वरच्या, सुपर 1000 या दर्जाची स्पर्धा आहे, तिथे पैसा आहे, पदक नाही. 2025 मध्ये एकूण रक्कम 14 लाख 50 हजार डॉलर होती आणि एकेरीच्या विजेत्याचा वाटा त्याच्या 7 टक्के. म्हणून "ऑल इंग्लंडमध्ये रौप्यपदक" असं कुठे छापून आलं तर लिहिणाऱ्याचा गोंधळ झाला आहे असं समजावं. तिथे उपविजेतेपद असतं. लक्ष्य सेन 2022 मध्ये डेन्मार्कच्या अ‍ॅक्सलसेनकडून फायनल हरला तेव्हा तो उपविजेता ठरला, रौप्यविजेता नव्हे. जागतिक कांस्यपदकं मात्र एकाच प्रकारात दोघांना मिळतात, कारण उपांत्य फेरीत हरलेल्यांत तिसऱ्या क्रमांकाचा सामना होत नाही.

फेऱ्या मोजताना चूक होते ती ड्रॉच्या, म्हणजे सामन्यांच्या आराखड्याच्या, आकारामुळे. ऑल इंग्लंडमध्ये प्रत्येक प्रकारात 32 जण किंवा जोड्या, म्हणजे पाच विजय की विजेतेपद. तिथे "तिसरी फेरी" म्हणजेच उपांत्यपूर्व. जागतिक स्पर्धेच्या पुरुष एकेरीत 64 जण असतात, त्यामुळे तिसऱ्या फेरीत अजून सोळा जण शिल्लक असतात. दुहेरीत 48 चा ड्रॉ असल्याने मानांकितांना पहिल्या फेरीत बाय मिळतो, म्हणजे ते न खेळताच पुढे जातात. 2019 मध्ये महिला एकेरीतही तसंच होतं. सिंधूच्या 2019 च्या सुवर्णात पाचच विजय दिसतात ते त्यामुळे. प्रवेशाचंही तसंच. जागतिक स्पर्धेत एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त चार जागा, त्याही क्रमवारी वर असेल तरच. ऑल इंग्लंडमध्ये देशाचा असा कोटा नाही.

वर्ष तपासायचा एक खात्रीचा उपाय आहे. ऑल इंग्लंड मार्चमध्ये, ऑलिंपिक असो वा नसो. जागतिक स्पर्धा आधी तीन वर्षांनी, 1985 पासून दोन वर्षांनी, आणि 2006 पासून दरवर्षी होते, ऑलिंपिकचं वर्ष सोडून. "2016 चा जागतिक विजेता कोण?" असा प्रश्न आला तर तो प्रश्नच चूक. अपवाद 2021 चा. टोकियो ऑलिंपिक लांबलं, तरी त्या डिसेंबरात स्पेनच्या उएल्वात जागतिक स्पर्धा झाली आणि किदांबी श्रीकांतने रौप्य मिळवलं. वर्षअखेरीच्या वर्ल्ड टूर फायनल्सच्या नावातही "वर्ल्ड" आहे. सिंधूने ती 2018 मध्ये जिंकली, पण ते जागतिक अजिंक्यपद नव्हे.

महिन्यांचा विषय निघालाच आहे, तर ऋतूचा फरक शटलवरही पडतो. गरम, विरळ हवेत शटल लांब जातं, थंड हवेत आखूड पडतं. म्हणून शटलच्या डब्यावर वेगाचा आकडा असतो. 76 संथ, 78 वेगवान. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत 78 घेतलं तर साधा क्लिअर (उंच, मागपर्यंत मारलेला फटका) सुद्धा बेसलाइनबाहेर जातो, आणि कोरड्या हवेत पिसं पहिल्या-दुसऱ्या स्मॅशलाच तुटतात. आदल्या रात्री डब्याला थोडी वाफ दिली तर ती जास्त टिकतात. वेग तपासायची रीत मात्र जगभर एकच. मागच्या सीमारेषेवरून खालून वर पूर्ण ताकदीने मारायचं. समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे 530 ते 990 मिलिमीटरच्या पट्ट्यात पडलं, तर वेग बरोबर.

2026 ची जागतिक स्पर्धा नवी दिल्लीला ऑगस्टमध्ये ठरली आहे. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरहून सचखंड एक्स्प्रेसने थेट जाता येतं. एकाच दिवसाची सवड असेल तर शुक्रवार, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीचा दिवस, धरावा. बर्मिंगहॅममध्ये शुक्रवारी जिंकणारा फक्त उपांत्य फेरीत जातो. इथे शुक्रवारी जिंकलेल्याचं पदक पक्कं झालेलं असतं.