व्हिडिओ अपलोडचं टूल एजंटला समजावून सांगायचं, तर आधी त्याचा इतिहास बघावा लागतो

ऑनलाइन जाहिरातींचं अकाउंट सांभाळणाऱ्या एआय एजंटला, म्हणजे स्वतःच पावलं उचलून काम करणाऱ्या एआय मॉडेलला, जी टूल्स देतात त्यात व्हिडिओ अपलोडचं एक टूल हमखास असतं, आणि त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बऱ्याचदा एकच ओळ असते, की हे टूल व्हिडिओ अपलोड करतं. माझ्या मते एवढ्याने अजिबात भागत नाही, आणि का भागत नाही हे कळायला जरा मागे जावं लागेल.

वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिराती १९९४ मध्ये हॉटवायर्ड या वेब मासिकावर आल्या, त्या म्हणजे छोटी चित्रं. ब्राउझरच्या फॉर्ममधून फाइल पाठवायची रीत १९९५ च्या आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली गेली, त्यात गृहीत असं की समोर माणूस बसलाय, तो फाइल निवडणार, बटण दाबणार आणि काही बिघडलं तर स्वतः बघून परत दाबणार. चित्रापुरतं हे ठीक चाललं.

व्हिडिओ आला आणि गणित बदललं. यूट्यूब २००५ चं, पुढच्याच वर्षी गुगलने ते घेतलं, आणि मोठमोठ्या फाइल्स अर्ध्यात तुटायला लागल्या की पहिल्यापासून पाठवणं परवडेना. मग तुटलं तिथून पुढे चालू करता येईल असं अपलोड आलं: गुगलच्या पद्धतीत सर्व्हर ३०८ असा कोड देऊन सांगतो की आत्तापर्यंत इतके बाइट पोचलेत, आणि फेसबुकच्या व्हिडिओ एपीआयमध्ये (एपीआय म्हणजे प्रोग्रामने थेट वापरायचा मार्ग) तर सरळ तीन टप्पे केले, स्टार्ट, ट्रान्सफर आणि फिनिश, प्रत्येक तुकडा कुठून कुठपर्यंत पाठवायचा तेही सर्व्हरच सांगणार. म्हणजे बाहेरून एक वाटणारी गोष्ट आतून बऱ्याच पायऱ्यांची झाली. शिवाय फाइल पोचली म्हणजे काम झालं असंही नाही, त्यानंतर व्हिडिओ प्रोसेस होतो, आयडी हातात लगेच येतो पण व्हिडिओ तयार झालेला नसतो, आणि त्या मधल्या वेळात तो आयडी लावून जाहिरात बनवायला गेलं की एरर. गुगलच्या जाहिरातींची वाट तर आणखी वेगळी, तिथे कित्येक वर्षं पद्धत अशी होती की व्हिडिओ आधी यूट्यूबवर चढवायचा आणि अॅड्सच्या अकाउंटला फक्त त्याचा अकरा अक्षरी आयडी द्यायचा. त्यामुळे एकीकडे अपलोड म्हणजे अकाउंटच्या लायब्ररीत फाइल टाकणं आणि दुसरीकडे आधीच चढवलेल्या व्हिडिओकडे बोट दाखवणं, हा फरक वर्णनात नसेल तर एजंटला तो कळायला दुसरा मार्गच नाही.

आता वाचणाऱ्याची बाजू बघा. गुगलची जाहिरात सेवा अॅडवर्ड्स (आताचं गुगल अॅड्स) २००० मध्ये सुरू झाली, त्याचा एपीआय २००५ मध्ये आला आणि कॅम्पेन प्रोग्राममधून चालवणं रूढ झालं. तेव्हाचं डॉक्युमेंटेशन वाचायचा डेव्हलपर. तो एकदा वाचायचा, टेस्ट अकाउंटवर करून बघायचा, अडलं तर शेजारच्याला विचारायचा, आणि मग जो कोड लिहायचा तोच वर्षभर चालायचा. डॉक्युमेंटेशनमधली भोकं माणूस अनुभवाने बुजवत होता, म्हणून ती कुणाला फारशी खुपली नाहीत. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल बोलवायची सोय, आणलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने एमसीपी हे मॉडेलला टूल्स जोडायचं सामाईक मानक जाहीर केलं, आणि तेव्हापासून मॉडेलच्या हातात टूलचं नाव, वर्णन आणि जेसन स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा आराखडा) एवढंच येतं. जो वाचतो तोच लगेच कृती करतो, आणि वर्णनात जे नाही ते तो अंदाजाने भरतो.

सगळ्यात जास्त अंदाज फाइल द्यायची कशी याबद्दल होतात. चित्र बेस६४ करून, म्हणजे फाइलचे बाइट साध्या अक्षरांत बदलून, जेसनच्या मजकुरात घालायची सवय जुनीच, पण बेस६४ मध्ये तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे १५ एमबीच्या व्हिडिओची सुमारे दोन कोटी अक्षरं, ती मॉडेलने लिहून काढावीत ही अपेक्षाच चूक. म्हणून टूल यूआरएल किंवा फाइलचा पाथ घेतं. पण पाथ कुठल्या मशीनवरचा, एजंट चालतोय तिथला की टूलच्या सर्व्हरवरचा? आणि लिंक लॉगिनशिवाय उघडणारी हवी का, किती वेळ टिकणारी हवी? अॅमेझॉनच्या एस३ या फाइल साठवायच्या सेवेवर सही केलेली (ठरावीक वेळच चालणारी) लिंक जास्तीत जास्त सात दिवस चालते, बऱ्याचदा ती तासाभराचीच बनवलेली असते, आणि रांगेत थांबलेलं काम सुरू होईपर्यंत लिंक मेलेली असते.

दुसरा जुना प्रश्न परत पाठवण्याचा. एचटीटीपी या वेबच्या नियमावलीत सर्व्हरला विनंती पाठवायच्या पुट आणि पोस्ट अशा पद्धती आहेत; पुट कितीदाही करा परिणाम तोच राहायला हवा, पोस्टला तशी हमी नाही, आणि अपलोडची सुरुवात सहसा पोस्टने होते. टाइमआउट आला की एजंट बिचारा परत कॉल करतो, एकाच व्हिडिओचे दोन आयडी होतात, पुढे दोन जाहिराती बनतात आणि रिपोर्टमधले आकडे दोघांत वाटले जातात, मग कुठला व्हिडिओ चालला हे सांगणंच कठीण. मार्च २०२५ च्या एमसीपी आवृत्तीत टूलवर खुणा लावायची सोय आली, परत कॉल केला तर चालेल का, काही पुसलं जाईल का वगैरे, पण त्या फक्त सूचना आहेत, टूल खरंच तसं वागेल याची हमी नाही. त्यामुळे हे शब्दांत लिहावंच लागतं: टाइमआउट आला तर आधी स्टेटस बघ, फॉरमॅट चुकीचा असेल तर परत पाठवू नकोस, माणसाला कळव.

एररबद्दलच्या या ओळी मला स्कीमाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, आणि त्यांच्याच शेजारी अजून एक ओळ हवी, की या टूलने जाहिरात सुरू होत नाही आणि पैसे खर्च होत नाहीत, ते पुढच्या टूलने होतात आणि त्याला परवानगी वेगळी लागते.