सिलिंडर बदला, शेगडी तीच: क्रिप्टो व्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या लायब्ररीविषयी

घरचा गॅस संपला की आपण सिलिंडर बदलतो. रेग्युलेटर काढून नव्या सिलिंडरवर बसवला की शेगडी पुन्हा पेटते. तुमचा ट्रेडिंगचा प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये आमची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, त्या रेग्युलेटरसारखी बसते. आज लॅपटॉपवर एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) आहे, उद्या सर्व्हरवर पोस्टग्रेस (अनेकांना एकाच वेळी लिहू देणारा मोठा डेटाबेस) हवा असेल, तर सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलायची. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

सुरुवात कशाने करावी, हे ग्राहक नेहमी विचारतात. आमचं उत्तर: एसक्यूलाइट. क्रिप्टोचा बाजार रात्री किंवा रविवारी बंद होत नाही, त्यामुळे एका जोडीच्या (उदा. बिटकॉइन-डॉलर) एक मिनिटाच्या कँडल, म्हणजे त्या मिनिटातल्या भावांच्या नोंदी, दिवसाला 1,440 आणि वर्षाला 5,25,600 होतात. दहा जोड्या धरल्या तरी बावन्न लाखांच्या आसपास. एवढं ती एक फाइल सहज पेलते. अडचण येते ती एकाच वेळी अनेक बॉट (आपोआप व्यवहार करणारे प्रोग्रॅम) लिहू लागले की, कारण एसक्यूलाइटमध्ये एका क्षणी एकालाच लिहिता येतं. ‘डेटाबेस लॉक आहे’ अशा तक्रारी लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदवहीत) वारंवार दिसू लागल्या की पोस्टग्रेसकडे जा, त्याआधी घाई नको.

आता ज्या गोष्टीवर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला ती: आकडे. संगणकाला नेहमीच्या फ्लोट पद्धतीने (यात अपूर्णांक जवळपासच्या आकड्याने साठवला जातो) 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारली, तर उत्तर 0.30000000000000004 येतं. एका व्यवहारात हा फरक दिसत नाही, पण हजारो व्यवहारांनंतर शिल्लक जुळेनाशी होते. आमच्या पहिल्या आवृत्तीत आम्ही हीच चूक केली होती आणि ती शोधायला आम्हाला फार रात्री जागाव्या लागल्या. बिटकॉइन दशांशानंतर 8 घरांपर्यंत विभागता येतो, इथर (इथेरियमचं नाणं) 18 घरांपर्यंत. एसक्यूलाइटमध्ये रकान्याला ‘डेसिमल’ नाव दिलं तरी अपूर्णांक आतून फ्लोटच होऊ शकतो. पूर्णांकात ठेवावं म्हटलं, तर सर्वांत लहान एककात मोजलेले जेमतेम 9.22 इथर मावतात, कारण 64 बिटांची मर्यादा तिथे संपते. म्हणून एसक्यूलाइटमध्ये आम्ही आकडा मजकूर म्हणून जपतो, पोस्टग्रेसमध्ये ‘न्यूमेरिक’ म्हणून. प्रोग्रॅमच्या हाती दोन्हीकडून तोच अचूक दशांश येतो. यामुळे एसक्यूलाइटमध्ये भावावरून शोध घ्यायला थोडा जास्त वेळ लागतो. तो आम्ही समजून-उमजून पत्करला आहे.

वेळेचंही असंच. कुणी सेकंदांत वेळ देतं, कुणी मिलिसेकंदांत. बायनान्स या एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या) डाउनलोड करता येणाऱ्या स्पॉट, म्हणजे थेट खरेदी-विक्रीच्या, फाइलींमध्ये तर 1 जानेवारी 2025 पासूनची वेळ मायक्रोसेकंदांत आहे. जुन्या-नव्या फाइली तशाच एकत्र भरल्या तर तारखा भलत्याच दिसतात. लायब्ररी सगळं एकाच एककात, यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते. यूटीसीप्रमाणे मोजलेली दिवसाची कँडल आपल्याकडे पहाटे 5:30 ला सुरू होते, हे अहवाल वाचताना लक्षात असू द्या. नावांचाही घोळ आहे: क्रॅकेन या एक्स्चेंजच्या डेटात बिटकॉइन अनेकदा एक्सबीटी नावाने येतो, इतर बहुतेक ठिकाणी बीटीसी. अशी नावं आम्ही एकसारखी करतो, पण मूळ नावही शेजारी जपतो.

तीच कँडल दोनदा आली तर नोंद एकच राहते. एक्स्चेंज देखभालीसाठी बंद होता त्या काळात जागा रिकामीच राहते आणि ती रिकामी असल्याची नोंद होते. तिथे शून्य किंवा मागचा भाव भरणं आम्हाला मान्य नाही, कारण मग जुन्या डेटावर तपासलेली रणनीती खोट्या भावांवर चालते.

शक्य असेल तर स्वतःचा प्रत्येक व्यवहारही साठवा. भारतात 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, वजावट फक्त खरेदीच्या किमतीची मिळते आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. 1 जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएसही आहे. खरेदी कधी आणि कितीला झाली हे दाखवता आलं नाही तर वजावट कशी मागणार? एक्स्चेंजकडचा इतिहास कायम मिळेल, या भरवशावर राहू नका. कराचा हिशेब मात्र तुमच्या सीएकडूनच करून घ्या.

बॅकअपविषयी एक कळकळीची विनंती. बॉट चालू असताना एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी करू नका. ताज्या नोंदी शेजारच्या ‘वॉल’ फाइलमध्ये असू शकतात आणि त्या मागे राहतात. लायब्ररीतली बॅकअपची आज्ञा वापरा. एक्स्चेंजच्या एपीआय की (प्रोग्रॅमला तुमचं खातं वापरू देणारे गुप्त संकेत) डेटाबेसमध्ये कधीही ठेवू नका. लायब्ररी त्या मागत नाही.

स्थलांतर करण्याआधी एका जोडीचा एक महिन्याचा डेटा नव्या डेटाबेसमध्ये हलवून पाहा. ‘तुलना’ ही आज्ञा दोन्हीकडच्या नोंदी एकेक करून ताडते. एक जरी ओळ वेगळी निघाली तर जुना डेटाबेस तसाच ठेवा आणि ती ओळ आम्हाला पाठवा.