रुळातून करंट आणि रुळातूनच हुकूम

मॉडेल रेल्वेत जुन्या पद्धतीचा कंट्रोलर वापरलेल्यांना हा ताप माहितीय. रुळात जितके व्होल्ट सोडाल तितक्या जोरात गाडी पळणार, पण रुळावर दोन इंजिनं असतील तर दोन्ही एकदमच पळणार. मग लेआउटचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला वेगळा स्वीच लावा, आणि शेवटी गाडी चालवण्यापेक्षा स्वीच फिरवण्यातच संध्याकाळ जायची. डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल आल्यावर हे संपलं. फक्त होतं काय, लोक महागाचा कंट्रोलर घेतात, तो त्याच जुन्या वायरिंगला जोडतात आणि इंजिन अडखळलं की डिकोडरला, म्हणजे हुकूम समजून मोटर चालवणाऱ्या इंजिनातल्या सर्किटला, शिव्या घालतात. मीपण घातल्यात, आणि दहातल्या आठ वेळा तो बिचारा निर्दोष निघाला.

आत काय चालतं ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. एचओ स्केलला (खऱ्या गाडीच्या १:८७ मापाच्या मॉडेलला) रुळावर साधारण १४-१५ व्होल्ट कायम असतात, गाडी उभी असली तरी. हे व्होल्टेज सारखं उलटसुलट होत असतं आणि किती वेळाने उलटतं यातच निरोप असतो: अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १ आणि १०० किंवा त्याहून लांब असेल तर ०. आधी कमीत कमी १४ वेळा नुसता १, म्हणजे ‘ऐका रे’, मग इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, शेवटी तपासणीचा आकडा. चाळीत पोस्टमन खालूनच नाव पुकारायचा, ऐकायचे सगळेच पण जिना उतरायचा तो ज्याचं नाव घेतलं तोच, तसंच हे. तपासणीचा आकडा जुळला नाही तर डिकोडर तो निरोप सरळ सोडून देतो. कंट्रोलर तेच तेच हुकूम परत परत पाठवत असतो म्हणून एखादा चुकला तरी कळतही नाही, पण चुकायला लागले की मग गाडी बटण दाबल्यावर उशिरा थांबते, हॉर्न मधेच गायब होतो, आणि आपण म्हणतो डिकोडर खराब.

तर करंट आणि हुकूम दोन्ही त्याच दोन रुळांतून येतात, त्यामुळे जिथे करंट अडतो तिथे हुकूमपण अडतो.

आता रूळ कशाचे असतात बघा, निकेल सिल्व्हरचे. नावात सिल्व्हर आहे पण चांदी औषधालासुद्धा नाही, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. तांब्याच्या तुलनेत त्याचा रोध दहापटींहून जास्त. म्हणून रुळालाच वायर समजून एका टोकाला दोन तारा जोडल्या की लांबच्या टोकाला गाडी मरगळते. लेआउटच्या खालून जाड तांब्याची जोडी फिरवायची आणि तिच्यातून दर मीटरभराला बारीक तारा वर काढून रुळाला सोल्डर करायच्या. जाड म्हणजे किती? घरात पॉवर पॉइंटला इलेक्ट्रिशियन टाकतो ती अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची वायर. हिशोब करून बघा: अडीचच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.००७५ ओहम, पाच मीटर जाऊन-येऊन दहा मीटर, ५ अँपिअरला जेमतेम ०.४ व्होल्ट पडतात. तिथेच ०.५ ची बारीक वायर वापरली तर जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच गेले. आणि रुळांच्या सांध्यावरच्या त्या पत्र्याच्या जॉइनरवर विश्वास ठेवू नका, आज चालतात, एक पावसाळा गेला की सैल आणि काळे.

वायरिंग झालं की दहा रुपयांचं नाणं घ्यायचं आणि दर दोन-तीन फुटांवर दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टर, म्हणजे रुळात करंट सोडणारा कंट्रोलरचा भाग, लगेच कट झाला पाहिजे. कट झाला नाही, नाणं गरम व्हायला लागलं, तर ती जागा धोक्याची आहे, कारण तिथे रोध इतका जास्त आहे की शॉर्ट झालाय हे बूस्टरला कळतच नाही. उद्या तिथे डबा घसरून चाक आडवं झालं तर १५ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर, ६० वॅट एका चाकावर. आपली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते हो. प्लास्टिकची बोगी वितळते, खोलीभर वास सुटतो. नाण्याची टेस्ट करताना बाकीची इंजिनं मात्र रुळावरून उतरवून ठेवा.

साफसफाईबद्दल एवढंच की सँडपेपर लावू नका, ओरखड्यात घाण अजून बसते. चाकंपण पुसा, लोक फक्त रूळ पुसतात.

गाडी वळसा घालून त्याच रुळावर परत येते तो लूप असेल तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. तेवढा तुकडा दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून वेगळा करायचा आणि ऑटो रिव्हर्सर, म्हणजे शॉर्ट दिसताच त्या तुकड्याची पोलॅरिटी आपोआप उलटवणारं सर्किट, लावायचा. कापलेला तुकडा अख्ख्या गाडीपेक्षा लांब पाहिजे, निदान चाकांतून करंट घेणारे सगळे डबे त्यात मावले पाहिजेत. पोलॅरिटी उलटली तरी डीसीसीत गाडी मागे जात नाही कारण पुढे-मागे हे हुकमातून ठरतं, रुळाच्या प्लस-मायनसवरून नाही.

पत्त्यांचा घोळ वेगळाच. नवीन डिकोडर पत्ता ३ घेऊनच येतो. एकदा मी नवीन इंजिनाला पत्ता द्यायला बसलो आणि घाईत मेन लाइनवरच प्रोग्रामिंग केलं, तिथे अजून चार इंजिनं उभी होती. त्या मोडमध्ये पत्ता नसतोच, जो ऐकेल त्याला लागू, झालं, पाचही जणांचा नंबर एकसारखाच झाला आणि एकाला चल म्हटलं की सगळी वरात निघाली. म्हणून प्रोग्रामिंगला हातभर वेगळा रूळ ठेवा. तिथे करंटपण कमी सोडतात, साधारण २५० मिलिअँपिअर, त्यामुळे डिकोडरची वायर चुकीची लागली असेल तर तो जळायच्या आत कळतं. नंबर लिहिताना इंजिनाकडे नीट बघा, ते किंचित थरथरतं. ती बिघाडाची थरथर नाही, डिकोडर मोटर क्षणभर चालवून निदान ६० मिलिअँपिअर जास्तीचा करंट ६ मिलिसेकंद ओढतो, तेच त्याचं ‘हो, कळलं’.

सीव्ही म्हणजे डिकोडरच्या आतल्या सेटिंगचे खण. सुरुवातीला तीनच धरा. सीव्ही २ ला सुटायचं व्होल्टेज, ३ ला वेग वाढायची सवय, ४ ला थांबायची. ३ आणि ४ वाढवले की गाडी खऱ्या मालगाडीसारखी जड वाटते, पण ४ फार वाढवलात तर स्टेशन मागे पडेल. सगळंच बिघडलं तर बऱ्याच डिकोडरना सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की ते कोरे होतात, पण आधी आपल्या डिकोडरचं माहितीपत्रक बघा. हे आकडे हाताने भरायचा कंटाळा असेल तर जेएमआरआय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. याच सॉफ्टवेअरवरून अमेरिकेत केस झाली होती, आणि ओपन सोर्स लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो असा निकाल २००८ साली तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने दिला. खेळण्यातल्या गाड्यांमुळे!

खरेदी करताना डिकोडर कुठल्याही कंपनीचा घ्या, रुळावरची भाषा सगळ्यांची एकच आहे. जर्मनीच्या लेंझ कंपनीने ती पद्धत बनवली आणि अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९० च्या दशकात स्टँडर्ड केली. हातातला थ्रॉटल, म्हणजे गाडी चालवायचा रिमोट, मात्र एका कंपनीचा दुसऱ्याला लागेलच असं नाही, तिथली वायर प्रत्येकाची वेगळी.

बजेट कमी असेल तर आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर मोटर शील्ड (रुळाला करंट देणारा जोड-बोर्ड) बसवून डीसीसी-ईएक्स हे फुकट सॉफ्टवेअर टाका, वायफाय जोडलं की फोनच थ्रॉटल. दोन-तीन इंजिनांना पुरतं. फक्त आर्डुइनोच्याच मोटर शील्डच्या पाठीमागे ‘व्हीइन कनेक्ट’ लिहिलेला एक जोड असतो, तो पॉवर सप्लाय लावायच्या आधी ब्लेडने कापा आणि मल्टिमीटरने खरंच तुटलाय का बघा, नाहीतर रुळाचे १५ व्होल्ट थेट मेगाच्या अंगावर.