मृत्युदंडाचा नैतिक वाद

गुन्ह्याची शिक्षा म्हणून राज्यसंस्थेने माणसाचा जीव घ्यावा का, याविषयीचा वाद. तो आधुनिक काळातच उपजला, हा समज चुकीचा आहे. महाभारताच्या शांतिपर्वात सत्यवान आपल्या वडिलांना, द्युमत्सेनाला, सांगतो की दस्यूला (लुटारूला) मारताना राजा त्याच्या निरपराध आई-वडिलांना व बायको-मुलांनाही मारतो. द्युमत्सेनाचे उत्तर आजही ऐकू येते : पूर्वी नुसता धिक्कार पुरत असे, आता लोक वधावाचून जुमानत नाहीत.

समर्थनाची सर्वांत कणखर मांडणी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटची (१७९७). बेटावरचा समाज विसर्जित होणार असला, तरी त्याआधी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्यालाही देहदंड दिलाच पाहिजे, असे तो म्हणतो. शिक्षेचा उपयोग काय, हा प्रश्नच त्याला इथे गैरलागू वाटतो. खुनी त्या शिक्षेस पात्र आहे, एवढे पुरे.

उपयोगाच्या बाजूने विचार करणाऱ्यांत मात्र एकमत नाही. इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये लिहिले की क्षणात संपणाऱ्या मृत्यूपेक्षा जन्मभराच्या सक्तमजुरीचा धाक मोठा, म्हणून देहदंड नको. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत उलट भाषण केले : जन्मठेप अधिक क्रूर, पण दिसायला सौम्य, मृत्यूची दहशत मोठी आणि यातना कमी, म्हणून फाशी राहू द्यावी. जन्मभराची कैद मरणाहून वाईट, हे दोघांनाही मान्य होते. यावरून दयेचा मुद्दा दोन्ही बाजूंना किती सहज वापरता येतो ते दिसते. धाकाबद्दल म्हणावे, तर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यासांवरून होय किंवा नाही असा कोणताच निष्कर्ष काढता येत नाही, असे नोंदवले.

विरोधकांचा सर्वाधिक परिणामकारक मुद्दा असा, की न्यायदानात चूक होऊन निरपराध माणूसही फासावर जाऊ शकतो. टिमोथी इव्हान्सला १९५० मध्ये लंडनमध्ये फाशी झाली आणि १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. पण गुन्हा निःसंशय असेल तिथे हा मुद्दा लागू पडत नाही. तिथे प्रश्न उरतो निवडीचा : सारख्याच गुन्ह्यांत फासावर कोण जातो? मॅक्क्लेस्की खटल्यात (१९८७) खून झालेली व्यक्ती गोरी असल्यास मृत्युदंडाची शक्यता वाढते, अशी आकडेवारी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आली. पाच विरुद्ध चार मतांनी ती अपुरी ठरली. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर, आपले ते मत आता बदलले असते, असे सांगितले.